सरकारी पैशातून महाकाय चर्च, देवळं, मूर्ती : व्हावं का असं? (अक्राच्या खड्ड्यावरून)

घानातला_सातारकर

नमस्कार मंडळी. सरळच विचारतो, देशाने लोकांच्या करातून अवाढव्य धार्मिक वास्तू बांधाव्यात का? धर्म कुठलाही असो, देऊळ, चर्च, मशीद, शंभर फुटी मूर्ती, काहीही.

मी नोकरीनिमित्त घानामध्ये असतो, राजधानी अक्रात. इथे गेली काही वर्षं ह्या एका विषयावरून रेडिओवर, टॅक्सीत, ऑफिसात जेवताना नुसती वादावादी चाललीये. आपल्याकडे पेपरात त्यातलं फारसं काही आलं नाही म्हणून आधी प्रकरण सांगतो.

आधीचे राष्ट्राध्यक्ष नाना अकुफो-अडो. २००८ आणि २०१२ ला निवडणूक हरले, २०१६ ला जिंकले. नंतर त्यांनी जाहीर सांगितलं की मी देवाला शब्द दिला होता, निवडून आलो तर तुझ्यासाठी राष्ट्रीय कॅथेड्रल, म्हणजे मोठं मुख्य चर्च, बांधीन. नवस बोलण्यात काही वावगं नाही हो, आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या पालीच्या खंडोबाला नवस बोलतात आणि फेडतात. पण फेडतात ते घरच्या पैशाने, भावकीला वर्गणी लावून नाही. इथे आधी सांगितलं गेलं की सरकार फक्त जागा देणार आणि सुरुवातीला थोडा हातभार लावणार, बाकी सगळं भाविकांच्या देणग्यांतून उभं राहील. डेव्हिड अजाये म्हणजे जगात नाव असलेला आर्किटेक्ट, त्याचं डिझाइन, पाच हजार माणसं बसतील एवढं सभागृह, जागा शहराच्या मधोमध पार्लमेंटजवळ. त्या जागेवर न्यायाधीशांचे बंगले आणि सरकारी ऑफिसं होती, चांगली वापरातली, ती पाडली. मार्च २०२० ला कोनशिला बसली.

देणग्या काही अपेक्षेप्रमाणे आल्या नाहीत आणि तिजोरीतून पैसे जात राहिले, सगळे मिळून साधारण ५.८ कोटी डॉलर. आणि उभं काय राहिलं? काहीच नाही. कुंपणाच्या आत खोल खणलेली जागा, सळया आणि क्रेन. लोक त्याला सरळ खड्डाच म्हणतात. जगातला सगळ्यात महागडा खड्डा.

आता काळ बघा कुठला होता. २०२२ च्या डिसेंबरात इथली महागाई ५४ टक्क्यांवर गेली होती, सेडी म्हणजे इथलं चलन पार घसरलं होतं, पाव, टोमॅटो, पेट्रोल, कशाचा भाव गेल्या आठवड्यातला राहिला नव्हता, आणि त्याच महिन्यात सरकारने परदेशी कर्जाचे बरेचसे हप्ते थांबवतो म्हणून जाहीर केलं. मग मे २०२३ मध्ये नाणेनिधीचं ३ अब्ज डॉलरचं कर्ज मंजूर झालं. म्हणजे देश दिवाळखोरीच्या दारात आणि तिकडे कॅथेड्रलचं बजेट वाढतंय.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते माझ्या एका सहकाऱ्याने. घानाचाच, कट्टर पेंटेकोस्टल पंथाचा ख्रिश्चन, रविवारी अर्धा दिवस चर्चमध्ये असतो, पगाराचा दहावा हिस्सा न चुकता चर्चला देतो, आणि ह्या विषयावर ऑफिसात सगळ्यात जास्त चिडतो तोच. त्याचं म्हणणं, माझ्या देवाला जे द्यायचं ते मी हाताने देतो, माझ्या मुलाच्या शाळेच्या बाकाचे पैसे काढून देवाला द्यायला मी कुणाला सांगितलं नव्हतं. उलट दुसरा एक म्हणतो, मुसलमानांना तुर्कस्तानच्या पैशाने एवढी भव्य राष्ट्रीय मशीद मिळाली, २०२१ मध्ये उघडली, आणि आम्ही ७१ टक्के ख्रिश्चन असून आमचं एक राष्ट्रीय चर्च नको?

माझं मत सांगून टाकतो : नको. देवाला विरोध नाही, पण नवस एकाचा आणि फेडायचा सगळ्या रयतेने हे मला पटत नाही. तुम्हाला काय वाटतं, आणि आपल्याकडची, दुसऱ्या देशांतली उदाहरणं माहीत असतील तर तीही सांगा.

रानमेवा_७७

ह्यात विचारायचं काय आहे. आधी दवाखाने, शाळा, पाणी. ते सगळं झाल्यावर उरले पैसे तर बघा देवाचं. २०१५ ला रुमानियात नाइटक्लबला आग लागून ६४ लोक गेले, तेव्हा दवाखान्यांची अवस्था सगळ्या देशाने बघितली, आणि लोक रस्त्यावर घोषणा देत होते की आम्हाला हॉस्पिटलं हवीत, कॅथेड्रल नकोत. कारण तिकडेही बुखारेस्टमध्ये सरकारी पैसा घालून प्रचंड कॅथेड्रल चाललं होतं. लोकांना कळतं हो सगळं.

वेरूळचा_वाटसरू

रानमेवा, राग समजतो पण "आधी दवाखाना मग देऊळ" हा हिशोब मला कधीच पटलेला नाही, कारण ते "सगळं झाल्यावर" कुठल्याच देशात कधी येत नाही. दवाखाने कधीच पुरेसे नसतात. मग तोपर्यंत काही भव्य बांधायचंच नाही का?

वेरूळचं कैलास बघा. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण, त्याच्या काळातलं काम. अख्खा डोंगर वरून खाली कोरत आणलाय. तिथे अंगणात उभं राहून वर बघितलं की हत्तींच्या रांगेने देऊळ पाठीवर उचलून धरलंय असं वाटतं, आणि ते कोरणाऱ्याला एक टवका जास्त उडवायची मुभा नव्हती कारण दगड परत चिकटवता येत नाही. हे लोकांच्याच पैशाने झालं ना? शेतसाऱ्यातून, लुटीतून, जकातीतून. तेव्हाही दुष्काळ पडत होते. तेव्हा कुणीतरी म्हटलं असतं की आधी तळी खणा, तर आज आपल्याकडे अभिमानाने दाखवायला काय असतं? कंबोडियाच्या झेंड्यावर अंकोर वाट आहे, झेंड्यावर! इतकी युद्धं, इतक्या कत्तली बघितलेल्या त्या देशाला एकत्र धरून ठेवणाऱ्या ज्या काही दोन-चार गोष्टी उरल्यात त्यात ते देऊळ आहे. बाराव्या शतकात सूर्यवर्म्याने बांधलं तेव्हा त्याचा काय "उपयोग" होता?

राष्ट्राला पोट असतं तसं मनही असतं. माझ्या मते घानाची चूक खर्च केला ही नाही, पूर्ण केलं नाही ही आहे. पूर्ण झालं असतं तर पन्नास वर्षांनी ह्याच लोकांच्या नातवंडांनी तिथे फोटो काढले असते आणि खर्च किती झाला हे कुणाच्या लक्षातही राहिलं नसतं.

खांबावरचं_नाव

वाटसरू दादा, कैलासबद्दल बोललात ते एकेक वाक्य मान्य, मी स्वतः तिथे तासन्‌तास बसलोय. पण तुम्ही राजाचं उदाहरण देऊन आजच्या सरकारचा प्रश्न सोडवताय. राजाला कुणी निवडून दिलं नव्हतं, तो कुणाला हिशोब देणं लागत नव्हता. तिजोरी आणि त्याचा खिसा एकच. आता तसं नाहीये आणि तसं असू नये म्हणूनच तर एवढा सगळा खटाटोप केला ना आपण लोकांनी.

दुसरं, भव्य म्हटलं की राजाच लागतो हेही खरं नाही. कार्ल्याला जा. देशातलं सगळ्यात मोठं कोरीव चैत्यगृह, लांबी सव्वाशे फुटांच्या आसपास, आणि आत उजव्या-डाव्या बाजूच्या खांबांवर ब्राह्मीत कोरलेले छोटे छोटे लेख आहेत. हा खांब धेनुकाकट गावच्या अमुक यवनाचं, म्हणजे तेव्हाच्या भाषेत ग्रीकाचं, दान. दाराचं काम अमुक सुताराचं. एक गंधी आहे, म्हणजे सुगंधी द्रव्यं विकणारा, त्याचंही दान आहे. वैजयंतीचा, म्हणजे आताच्या कर्नाटकातल्या बनवासीचा भूतपाल नावाचा श्रेष्ठी आहे, तो तर लेखात म्हणतो की हे जंबुद्वीपातलं सगळ्यात उत्तम शैलगृह. दोन हजार वर्षांपूर्वी! बोटाने त्या अक्षरांवरून हात फिरवला (फिरवू नका, गाईड ओरडतो आणि बरोबर ओरडतो) तर कळतं की माणसं एकेक खांब वाटून घेत होती. राजेही आहेत तिथे, नहपान राजाचा जावई उषवदात ह्याने भिक्षूंच्या पोटापाण्यासाठी गाव दिल्याचा लेख आहे. म्हणजे राजाने माणसांच्या जेवणाची सोय बघितली आणि खांब ज्याचे त्याने दिले, निदान त्या लेखांवरून तरी मला असं दिसतं.

आणि हे जुनंच आहे असं नाही. बार्सिलोनाचं सग्राडा फमिलिया १८८२ ला सुरू झालं, ते आजपर्यंत देणग्या आणि तिकिटांवर चाललंय. पैसे संपले की काम थांबतं, आले की परत सुरू. रिओचा तो डोंगरावरचा येशू, १९३१ चा, ब्राझीलच्या कॅथलिक लोकांनी वर्गणी काढून उभा केला. कुणाला कमी भव्य वाटतो का तो? लोकांना खरंच हवं असेल तर लोक देतात. घानात देणग्या आल्या नाहीत हाच तर लोकांचा निकाल होता, तो सरकारने वाचायला हवा होता.

पॅरिसहून_पराग

घानाच्या शेजारीच आयव्हरी कोस्ट आहे, तिथलं उदाहरण ह्या चर्चेत यायलाच हवं, मी कामासाठी तिकडे जाऊन आलोय म्हणून लिहितो. यामुसुक्रो. तिथले पहिले राष्ट्राध्यक्ष हुफुए-बुआन्यी ह्यांचं जन्मगाव. १९८३ मध्ये त्यांनी राजधानीच तिकडे नेली आणि १९८५ ते ८९ मध्ये तिथे रोमच्या सेंट पीटर्सच्या धर्तीवर बॅसिलिका म्हणजे भव्य चर्च बांधलं, उंची १५८ मीटर. जगातल्या सगळ्यात मोठ्या चर्चमध्ये गणना होते. आणि तो काळ कुठला, तर कोकोचे भाव कोसळले होते, शेतकरी रडत होते, १९८७ मध्ये देशाने कर्जफेड थांबवली होती. ते म्हणायचे पैसा माझा स्वतःचा आहे, कुटुंबाचा आहे. आता तीस वर्षं सत्तेवर असलेल्या माणसाचा स्वतःचा पैसा कुठला आणि देशाचा कुठला हे कोण वेगळं करून दाखवणार.

मी आत गेलो तेव्हा रविवार नव्हता. सात हजार खुर्च्यांची सोय, आणि अख्ख्या जागेत आम्ही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं. रंगीत काचा अप्रतिम आहेत, खोटं कशाला बोलू, ऊन आत येतं तेव्हा फरशीवर निळा-लाल रंग सांडतो. त्या काचांतल्या एका चित्रात येशूच्या पायाशी गुडघे टेकून बसलेला एक आफ्रिकन माणूस आहे, तो स्वतः हुफुए-बुआन्यी. देवाच्या घरात स्वतःचा फोटो! मला तिथेच सगळं कळलं.

आणि खरी गोष्ट पुढे आहे. पोप जॉन पॉल दुसरे १९९० च्या सप्टेंबरमध्ये प्रतिष्ठापनेला आले ते एका अटीवर, शेजारी गरिबांसाठी हॉस्पिटल बांधायचं. कोनशिला बसली. मग राष्ट्राध्यक्ष वारले, यादवी झाली, आणि ते हॉस्पिटल प्रत्यक्षात उघडलं जानेवारी २०१५ मध्ये. चर्च चार वर्षांत आणि त्याच्या शेजारचं हॉस्पिटल पंचवीस वर्षांनी. वाटसरू, तुम्ही म्हणता दवाखाने कधीच पुरे होत नाहीत, खरंय, पण इथे तर एकच हॉस्पिटल मागितलं होतं, तेही खुद्द पोपने.

काळाकोट_पुणे

चर्चा छान चाललीये. कायद्याच्या बाजूने थोडं लिहिते कारण "आपल्याकडे तर घटनेतच बंदी आहे" असं बऱ्याच जणांना वाटतं आणि ते तेवढं सोपं नाहीये.

घटनेचं कलम २७ म्हणतं की एखाद्या विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी किंवा निर्वाहासाठी ज्याचं उत्पन्न खास बाजूला काढलंय असा कर भरायची सक्ती कुणावर करता येणार नाही. पण सरकारने सर्वसाधारण तिजोरीतून खर्च केला तर? हज अनुदानाच्या खटल्यात, २०११ च्या प्रफुल्ल गोराडिया निकालात, सुप्रीम कोर्टाने म्हटलं की एकूण कराचा मोठा हिस्सा एका धर्मावर गेला तरच हे कलम मोडतं, थोडासा गेला तर नाही. म्हणजे दार बऱ्यापैकी उघडं आहे. उलट घटनेतच कलम २९०-अ आहे, त्रावणकोरच्या देवस्थान निधीला केरळच्या तिजोरीतून दर वर्षी ४६ लाख ५० हजार आणि तामिळनाडूने आपल्याकडे आलेल्या देवळांसाठी १३ लाख ५० हजार द्यायचे असं चक्क आकड्यानिशी लिहिलंय. त्याचं कारण आहे, संस्थानाने देवळांच्या जमिनी ताब्यात घेतल्या होत्या, त्याचं ते देणं. ते मला न्याय्य वाटतं, ज्याचं घेतलं त्याला परत.

पण ह्या विषयावर आपल्या देशात सगळ्यात मोलाचा वाद झाला तो सोमनाथवर. नोव्हेंबर १९४७, जुनागढ नुकतंच भारतात आलेलं, सरदार पटेल सोमनाथला गेले आणि देऊळ पुन्हा बांधायचं जाहीर केलं. आपले काकासाहेब गाडगीळ तेव्हा केंद्रात बांधकाम खातं सांभाळत होते आणि तेही तिथे बरोबर होते. सरकारच बांधणार अशीच तेव्हा कल्पना होती. मग गांधीजींनी सांगितलं की देऊळ जरूर बांधा, पण सरकारी तिजोरीला हात लावू नका, लोकांकडून वर्गणी काढा. आणि पटेलांनी ते ऐकलं! ट्रस्ट झाला, कन्हैयालाल मुन्शींनी धुरा घेतली, देणग्या जमल्या. पुढे सौराष्ट्र सरकारने समारंभासाठी ५ लाख दिले त्यावरून नेहरू अस्वस्थ झाले, त्यांनी पत्रं लिहिली, देशात अन्नधान्याची टंचाई असताना हे बरोबर नाही म्हणून. राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद नेहरूंचा सल्ला न मानता ११ मे १९५१ ला प्रतिष्ठापनेला गेले.

मला ह्यात महत्त्वाचं हे वाटतं की गांधी देवभक्त, पटेल श्रद्धाळू, आणि तरी "तिजोरीतून नको" हे त्यांच्यात मान्य झालं. तो धर्माचा अपमान आहे असं कुणाला वाटलं नाही. अयोध्येचं मंदिरही ट्रस्टने देणग्यांतूनच बांधलं, आजूबाजूचे रस्ते, स्टेशन, विमानतळ हा सरकारी खर्च. ती रेघ कुठे ओढायची ह्यावर भांडता येईल, पण रेघ आहे हे निदान मान्य होतं.

सातारकर, घानाच्या कोर्टात हे गेलं नव्हतं का?

घानातला_सातारकर

ताई गेलं होतं ना. इथलीही घटना कुठला एक राज्यधर्म मानत नाही, त्या मुद्द्यावर एकाने याचिका केली, कॅथेड्रलमध्ये आणि हजच्या व्यवस्थेत सरकारने पडू नये म्हणून. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने फेटाळली. थोडक्यात तुमच्यासारखंच, दार उघडं. पण पुढे पैशाच्या हिशोबावर मात्र सरकार अडकलं. डिसेंबर २०२४ मध्ये इथल्या मानवी हक्क आणि प्रशासकीय न्याय आयोगाने म्हटलं की कंत्राट देताना खरेदीचा कायदा पाळला नाही, सखोल ऑडिट करा. २०२५ ला महामा राष्ट्राध्यक्ष म्हणून सत्तेवर आले, त्यांनी पैसा थांबवला, कॅथेड्रलचं सचिवालय गुंडाळलं आणि ऑडिटचा आदेश दिला.

वाटसरू, तुम्ही म्हणता पूर्ण झालं असतं तर लोक विसरले असते. मला हेच तर खटकतं हो. विसरले असते म्हणून बरोबर झालं असतं का? आणि ज्यांनी तो काळ काढला, ज्यांचं पेन्शन कर्जरोख्यांत अडकलं, म्हातारे लोक अर्थमंत्रालयाच्या दारात येऊन बसले होते इथे, त्यांनी नातवंडांच्या फोटोसाठी थांबायचं?

सोलापुरी_चादर

मी जरा वेगळी बाजू मांडतो, राग मानू नका. ओंकारेश्वरला आदि शंकराचार्यांची १०८ फुटी मूर्ती आहे, मध्य प्रदेश सरकारने उभारली, सप्टेंबर २०२३ मध्ये अनावरण झालं. आपल्यापैकी किती जणांना माहितीये की ती आमच्या सोलापूरच्या भगवान रामपुरेंनी घडवलीये आणि तिचं मूळ चित्र वासुदेव कामतांचं आहे? बारा वर्षांचा बालशंकर, हातात दंड, चेहऱ्यावर ते शांत तेज. मी नर्मदेच्या अलीकडच्या घाटावरून बघितली, लांबून मूर्ती दिसते आणि जवळ जावं तसं लक्षात येतं की कपड्याची एकेक चुणी वाऱ्याने हललेली आहे. शंभर टन धातू पण जड वाटत नाही.

एवढ्या मोठ्या आकाराचं काम करायची संधी शिल्पकाराला देणार कोण? खाजगी माणूस देत नाही. ओतकाम करणारे, साचे करणारे, वेल्डिंगवाले, पत्रा ठोकणारे, ह्या सगळ्यांचा हात अशा कामावर बसतो आणि मग ती विद्या टिकते. म्हणून माझं म्हणणं सरसकट "नको" म्हणू नका. आणि त्यात लोकांचा हातही होता, गावोगाव यात्रा काढून घराघरातून तांब्या-पितळेची भांडी गोळा केली होती.

आता खरं ते खरं, एकूण प्रकल्प दोन हजार कोटींच्या वर आहे आणि भांड्यांनी काही तेवढा होत नाही, बाकी सरकारच. हे मला बोचतं. भांडं देणाऱ्या बाईला विचारलं असतं की तुझ्या नावावर दोन हजार कोटी लावू का, तर ती काय म्हणाली असती माहीत नाही.

चंद्रभागेकाठी

पंढरपुरातून लिहितोय. मंदिराजवळच्या गल्लीत आमचं प्रासादिक साहित्याचं दुकान आहे, चुरमुरे, बत्तासे, कुंकू, बुक्का, तुळशीच्या माळा, आजोबांपासून. कॉरिडॉर होणार म्हणतात, त्यात कुणाचं घर जाणार, कुणाचं दुकान जाणार ह्यावर इथे रोज बैठका आणि मोर्चे. इथे सगळे बोलतायत ते मोठ्या मोठ्या देशांबद्दल, मी माझ्या गल्लीपुरतं बोलतो.

आषाढीला लाखो माणूस येतं. त्या माणसाला पाणी लागतं, संडास लागतो, झोपायला कोरडी जागा लागते, पाय सुजले तर डॉक्टर लागतो. पूर्वी वारीनंतर वाळवंटात पाय ठेववत नसे. आता पालखीच्या वाटेवर फिरते संडास लावतात सरकारी पैशातून, टँकर असतात, ॲम्ब्युलन्स असते, आणि कुणीही म्हणत नाही की हा एका धर्मावर खर्च आहे, म्हणूही नये, कारण ती माणसाची सोय आहे. बाई माणसाला तर विचारा त्या संडासाची किंमत काय आहे. ह्यावर अजून दुप्पट खर्च करा, मी कर भरतो.

देवळाचंही काम काढलंय, साधारण ७३ कोटींचा आराखडा, मूळ रूप परत आणायचं. २०२४ ला गाभाऱ्यातली चांदी, ग्रॅनाइट काढलं तेव्हा आतला जुना काळा पाषाण दिसला आणि आमच्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यात पाणी आलं, म्हणाले हे आम्ही लहानपणी बघितलं होतं. कुणीतरी कधीतरी चकचकीत करायचं म्हणून वर फरशा मारलेल्या. ह्या खर्चालाही माझा विरोध नाही, साडेसातशे-आठशे वर्षांचं जपायचं तर सरकारच जपणार.

पण "भव्य" करायचं म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. भव्य कुणासाठी? वारकरी तर म्हणतो कळसाचं दर्शन झालं तरी पोचलो. नामदेवाने पायरी मागून घेतली, शिखर नाही मागितलं. ज्या गल्ल्यांतून दिंड्या घुसतात, जिथे दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर उभं राहून बायका वारकऱ्यांच्या पायावर पाणी घालतात, त्या पाडून रुंद फरसबंदी चौक केला की फोटो चांगला येईल. गर्दीत चेंगराचेंगरी होऊ नये म्हणून रस्ता रुंद हवा हे मलाही कळतं, त्याला आडवा येणारा मी नाही. पण किती रुंद, कुणाचं घर आणि त्याला पर्यायी जागा कुठे हे आम्हाला आधी सांगा, आमच्याशी बसून ठरवा.

नार्व्याचो

चंद्रभागेकाठी, जपणुकीबद्दल १०० टक्के सहमत. आमच्या गोव्यात नार्व्याचं सप्तकोटेश्वर, शिवाजी महाराजांनी १६६८ ला जीर्णोद्धार केलेलं, राज्याच्या पुरातत्त्व खात्याने नीट करून २०२३ ला पुन्हा उघडलं. तिथे जाऊन बघा, चिरा आणि चुना, उगाच संगमरवर नाही. पण २०२२ च्या बजेटमध्ये पोर्तुगीज काळात मोडलेली देवळं परत उभारायला २० कोटी ठेवले, तिथे मात्र गावात चर्चा निराळी आहे. बरीच दैवतं चारशे वर्षांपूर्वीच लोकांनी रातोरात नदीपलीकडे फोंड्याकडे नेली आणि तिथे स्वतःच्या वर्गणीतून, महाजनांनी मोठी देवळं बांधली. देव तिकडे सुखात आहे. मग मूळ जागी परत कुणासाठी बांधायचं, हे त्या त्या गावाने ठरवावं, पणजीत बसून नाही.

वेरूळचा_वाटसरू

सगळं वाचलं. कार्ल्याच्या खांबांचा मुद्दा मला खोडता येत नाहीये आणि चंद्रभागेकाठी जे लिहिलंय ते दोनदा वाचलं. पण मी पूर्ण हटत नाही. सगळं वर्गणीवर सोडलं तर ज्यांच्याकडे पैसेवाले भक्त आहेत त्यांचीच भव्य स्थळं होतील आणि गरिबांच्या दैवतांचं काय? भटक्या जमातींची ठाणी, आदिवासींचे देव, नागपूरच्या दीक्षाभूमीला येणारे लाखो लोक, ह्यांच्यासाठी सरकारने खर्च केला तर तो मला न्याय वाटतो. वर्गणी म्हणजे समानता असं नाही, ज्याचा खिसा मोठा त्याचा कळस उंच.

काळाकोट_पुणे

हा मुद्दा खरंच तगडा आहे वाटसरू, आणि मला त्याचं सोपं उत्तर सापडत नाहीये. एवढंच म्हणेन की गरिबांच्या ठाण्यांवर खर्च करायचा तर तो त्यांनी मागितलेला असावा. दीक्षाभूमीवर २०२४ ला भूमिगत पार्किंगचं सरकारी काम चाललं होतं, स्तूपाला धोका होईल म्हणून लोक स्वतःच चिडून उठले आणि काम थांबवावं लागलं. पैसा आला, पण विचारलं नाही कुणी.

गावाकडची_वही

बऱ्याच उशिरा येतेय धाग्यावर पण राहवलं नाही. तुम्ही सगळे कोटी आणि डॉलर बोलताय, हे सगळं आमच्या गावात छोट्या आकारात रोज चालतं. आमच्या भैरोबाच्या देवळाचा जीर्णोद्धार लोकवर्गणीतून झाला. वही घालून घरोघर फिरलो, मीही फिरलेय. कुणी अकरा हजार, कुणी एकशे एक, एका म्हातारीने दोन पायली जोंधळे दिले तर तेही वहीत लिहिले. सगळी नावं आत भिंतीवर रंगवलीत, सारख्या अक्षरात, एकशे एकवाल्याचं पण. पै-पैचा हिशोब यात्रेच्या दिवशी सगळ्यांसमोर वाचला, दोनशे रुपयांचा फरक निघाला तर त्यावर तासभर भांडणं झाली आणि तो फरक भरून निघाला तेव्हाच लोक उठले.

मग देवळासमोर सभामंडप झाला, तो सरकारी निधीतून. त्याच्यावर बोर्ड आहे, लांबून दिसेल एवढा, कुणाच्या प्रयत्नांतून आणि कुणाच्या निधीतून ते मोठ्या अक्षरात. पत्रे दोन पावसाळ्यांत गळायला लागले. किती खर्च झाला हे गावात कुणीच सांगू शकत नाही, कागद तालुक्याला आहे म्हणतात. देवळाचा हिशोब मागताना कुणाची जीभ अडखळली नाही, आणि मंडपाचा मागायला गेलं की "ताई, फुकट मिळालंय, कशाला विचारता" असं ऐकून घ्यावं लागतं. फुकट कसं? तेल, साबण, काडेपेटी घेताना आम्ही सगळे करच भरतो की.

पुढच्या ग्रामसभेला आम्ही बचत गटाच्या बायकांनी लेखी विषय दिलाय, मंडपाचं अंदाजपत्रक आणि झालेला खर्च वाचून दाखवा म्हणून. काळाकोट ताई, माहिती अधिकारात नक्की कुठले कागद मागायचे ते सांगाल का? अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका, आणखी काय?

काळाकोट_पुणे

नक्की. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची प्रत, अंतिम बिल आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला. अर्ज ज्या खात्याने काम केलं त्याच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे करा, ते बांधकाम विभाग आहे की पंचायत समिती ते आधी ग्रामसेवकाला विचारा. पावसाळ्यात गळतंय त्याचे तारखेसकट फोटो आत्ताच काढून ठेवा, बहुतेक कामांत कंत्राटदारावर काही काळ दुरुस्तीची जबाबदारी असते, ती मुदत उलटून जायच्या आत अर्ज जाऊ दे. मसुदा हवा असेल तर मेसेज करा, मी करून देते.